वॉल्टरसाठी अंथरूण

शनिवार, ८ नोव्हेंबर

प्रिय हेल्मी,

तुझं पत्र मंगळवारी आलं. चार वर्षांत नाताळच्या छापील कार्डाखेरीज तुझ्या हातचं काही आलं नव्हतं, म्हणून टपालपेटीजवळ उभ्या उभ्याच वाचलं. वाचून मी हसलो, हे आधीच कबूल करतो. छप्पन्नाव्या वर्षी तू आयुष्यातला पहिला कुत्रा घरात आणलास. तोही प्राण्यांच्या आश्रमातला, अकरा वर्षांचा, एका कानानं बहिरा. तीन आठवडे ठेवून पाहा, जमलं तर तुमचा, नाहीतर परत आणा, अशी अट. लग्नाला जी अट घालायला हवी ती हल्ली कुत्र्यांना घालतात. त्याच्यासाठी तू चार अंथरुणं आणलीस, आणि चारही सोडून तो दाराशी उघड्या फरशीवर झोपतो. तुला वाटतं की त्याला थंडी वाजते, त्याला तू नकोशी आहेस आणि हे तुझ्याच्यानं होणारं नाही. म्हणून पंधरा तारखेला, मुदत संपेल त्या दिवशी, तू त्याला परत नेऊन देणार. आणि खाली, सहीच्या वर, एक ओळ: "कुत्र्याला काय अंथरावं हे मला कधीच कळलं नाही, बाबा. तुम्हाला माहीतच आहे."

त्या ओळीकडे मी नंतर येईन. आधी तुझ्या मूर्खपणाकडे येतो, कारण तो मोठा आहे आणि त्याचा फोटो तू सोबत पाठवला आहेस.

फोनवर का नाही बोलत, असं म्हणशील. फोनवर तू "बरं, बाबा" म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्र असं ठेवता येत नाही. ठेवलंस तरी ते टेबलावर पडल्या पडल्या तुझ्याकडे बघत राहतं.

तर फोटो. मागे भिंतीला लावून चार अंथरुणं, सरकारी कचेरीत खुर्च्या मांडाव्यात तशी. एक सोफ्यासारखं, त्याला हात आणि पाठ. म्हणजे कुत्र्यानं संध्याकाळी टेकून बसावं आणि बातम्या पाहाव्यात! एक लोकरीच्या गुहेसारखं, ज्यात शिरल्यावर बाहेरचं काही दिसू नये. एक विजेवर तापणारं. आणि एक पांढरं, लांब केसांचं, जे पाहून मला आधी वाटलं की तू दोन कुत्रे आणलेस आणि त्यातला एक मेलाय. पुढे फरशीवर तो तुझा म्हातारा, पाय पोटाशी, नाक दाराच्या फटीकडे. आणि नाव काय, तर वॉल्टर! आपल्या युनियनचा चिटणीस वॉल्टर होता. तोही एका कानानं बहिरा. फक्त त्याचा जो कान कंपनीच्या बाजूला असे तो उत्तम चालायचा. तुझ्या वॉल्टरचा चेहरा त्याच्यापेक्षा प्रामाणिक आहे, एवढं मान्य करतो.

या देशाचं काय झालंय ते एखाद्या जाड पुस्तकातून समजून घ्यायची गरज नाही, हेल्मी. मी ती पुस्तकं वाचली आहेत, युनियनच्या सभागृहातल्या वाचनालयाचं अख्खं कपाट वाचलं आहे, पण बुधवारी एका दुकानात जे शिकलो ते त्यांत नव्हतं. वेस माकीला म्हटलं, मला शहरातल्या त्या प्राण्यांच्या मोठ्या दुकानात घेऊन चल. माझं लायसन्स गेल्या वर्षी काढून घेतलं, तेव्हापासून शेजारचा वेस मला हिंडवतो आणि त्याबद्दल वाटभर बोलणी ऐकतो. म्हणाला, "तुझ्याकडे कुत्रा नाही, मांजर नाही, बायको नाही. तिथं कुणासाठी जायचंय?" मी म्हटलं, "विरोधकाचं म्हणणं त्याच्या घरी जाऊन ऐकावं." तो म्हणाला, "म्हणजे आज कुणाचा तरी दिवस खराब होणार."

दुकान म्हणजे विमान ठेवायची शेड. त्यात चार रांगा केवळ अंथरुणांच्या. या जिल्ह्यात माणसांसाठी एवढ्या गाद्या कधी एका जागी पाहिल्या नव्हत्या मी. खाणीवरच्या बराकीत तुझे आजोबा दोन पाळ्यांत एकच गादी वापरायचे, एक उठला की त्याच्या उबेत दुसरा झोपायचा. आणि इथं पिल्लाची गादी वेगळी, म्हाताऱ्याची वेगळी, जाड्याची वेगळी. एक गादी गारवा देणारी. नोव्हेंबरात, मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, गारवा! मी हसायला लागलो तर वेस माझ्यापासून दूर जाऊन माशांच्या टाक्यांपाशी उभा राहिला.

मग एक पोरगी आली, केस जांभळे, छातीवर बिल्ला. म्हणाली, "काही मदत करू, आजोबा? तुमचं बाळ केवढंय?"

"माझं बाळ छप्पन्न वर्षांचं आहे," मी म्हटलं, "आणि दुलूथला शाळेत गणित शिकवतं."

"तसं नाही हो. तुमचं केसाळ बाळ!"

"तिच्या केसांबद्दल मला सांगता येणार नाही. चार वर्षं भेट नाही."

तिला वाटलं मी थट्टा करतोय. ते तोंडून निघेपर्यंत मलाही तसंच वाटलं होतं.

तिनं मला एक गादी दाखवली जी अंगाचा आकार म्हणे लक्षात ठेवते. हातानं दाबायला लावली. दाबली, तर खरंच, पंजाचा ठसा राहिला आणि हळूहळू पुसला गेला. मी तिला तिथंच सुनावलं, जरा मोठ्यानंच, की बाई गं, गादीनं लक्षात ठेवायचं आणि माणसानं विसरायचं, हा तुमच्या मालकांचा धंदा आहे. ज्या प्राण्याला दहा हजार वर्षं माणसाच्या पायाशी झोपायचं कळलं त्याला तुम्ही आता झोप विकताय. ज्यांना स्वतःला झोप येत नाही ते कुत्र्याच्या नावानं गादी घेतात. अजून बरंच बोललो. दोन बायका ढकलगाड्या थांबवून ऐकत होत्या, त्यातल्या एकीनं टाळीही वाजवली असती, पण तिच्या हातात ससा होता.

पोरगी शांतपणे ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "बरोबर आहे. पण तुमच्या मुलीचा कुत्रा झोपतो कुठं?"

"दाराशी."

"आणि अंथरूण कुठं ठेवलंय?"

मी खिशातून फोटो काढून दाखवला. तिनं पाहिला आणि म्हणाली, "ही चारही तिला बरी दिसतील तिथं ठेवलीत. तो आहे दाराशी. आमच्या आजीचा कुत्रा आश्रमातलाच होता. पहिला महिनाभर दार सोडायचा नाही. मागं एकदा त्याला कुणीतरी दाराबाहेर सोडून गेलं होतं ना, मग तो पाळत ठेवायचा. आजीनं तिचा अंगातला स्वेटर काढला आणि तिथं दारातच टाकला. न धुतलेला. त्यावर झोपला. काही विकत नका घेऊ, आजोबा."

हेल्मी, साठ वर्षं मी व्यासपीठांवरून बोललो. कंपनीच्या वकिलांना गप्प केलं, दोन गव्हर्नरांना घाम फोडला. मला त्या जांभळ्या केसांच्या पोरीनं गादीच्या रांगेत उभं करून गप्प केलं. परतताना वेस म्हणाला, "आज बोलत नाहीस तो?" मी म्हटलं, "गाडी चालव."

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिनं दिलंच आहे. उरलेलं अर्धं मला द्यायचं आहे, आणि ते मी पंचेचाळीस वर्षं टाळलं.

आज हरणांची शिकार सुरू झाली. पहाटेपासून जंगलाकडून बंदुकांचे आवाज येताहेत. म्हणजे काल आदला दिवस, पेंढ्याचा. तू इथं नसलीस तरी हा दिवस विसरली नसशील. शिकारीला जाण्याआधी प्रत्येकानं अंगणातल्या कुत्र्याचं खोपटं रिकामं करायचं, नवा पेंढा दारापर्यंत ठासून भरायचा आणि दाराला जुन्या गालिच्याचा तुकडा ठोकायचा. जो हे करणार नाही त्यानं बंदुकीला हात लावायचा नाही, हे तुझ्या पणजोबांच्या वेळेपासून चालत आलंय. सगळं गाव डेलोरेसच्या दाण्यापेंडीच्या दुकानात गोळा होतं, कॉफी पितं, आणि मी दरवर्षी तिथं उभा राहून पेंढा आणि गवत यांवर बोलतो. तू गेल्यानंतर हा रिवाजच पडला. "आर्नेचं भाषण झाल्याशिवाय गठ्ठे मोजायचे नाहीत," असं डेलोरेस म्हणते. लोक हसतात आणि ऐकतात.

भाषण तुला ठाऊक नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. पेंढा म्हणजे ओटचं कापणीनंतर उरलेलं काड. पिवळं, हलकं, आतून पोकळ. त्या पोकळीत हवा राहते, हवेत ऊब राहते, आणि पाणी त्यावरून ओघळून खाली जातं. कुत्रा त्यात गोल फिरून खळगा करतो आणि उणे तीसमध्येही आपल्याच श्वासानं गरम राहतो. गवत म्हणजे चारा. हिरवट, जड, गोड वासाचं. ते गाईनं खावं. कुत्र्याखाली घातलं तर श्वासाचा, बर्फाचा, पायांचा सगळा ओलावा पितं, कुजतं, आणि मोठ्या थंडीत गोठून त्याचे दगड होतात. कुत्रा मग बर्फाच्या लादीवर झोपतो. दुरून दोन्ही गठ्ठे सारखेच दिसतात, दोन्हींना दोऱ्या सारख्याच, म्हणून शहरातून इथं तळ्याकाठी बंगले बांधायला आलेले शहाणे गवताचे गठ्ठे नेतात. काहीजण तर ऑक्टोबरात भोपळे मांडायला आणलेले, महिनाभर पावसात भिजलेले गठ्ठे खोपट्यात कोंबतात आणि वर फोटो काढतात. अशांची मी दरवर्षी सालटी काढतो. मी म्हणतो, ज्याला पेंढा आणि गवत ओळखता येत नाही त्याला कुत्रा पाळायचा हक्क नाही, मत द्यायचाही नाही. मी म्हणतो, गठ्ठा उचलला की हाताला कळतं, नाकाला कळतं, आंधळ्यालाही कळतं. ज्याला कळलं आणि तरी त्यानं घातलं, त्याच्यासाठी माझ्याकडे शब्द नाही.

आता ऐक.

तू आठ वर्षांची होतीस तेव्हा मी मुस्तीला आणला. काळा, छातीवर पांढरा ठिपका, नाकानं हुशार आणि बाकी मठ्ठ. तो माझा शिकारी कुत्रा होता असं मी सांगायचो, पण शाळेची बस यायच्या आधी दहा मिनिटं तो फाटकाशी जाऊन बसायचा, माझ्या गाडीसाठी कधी बसला नाही. तू अकरा वर्षांची झालीस ते खाणीतल्या संपाचं वर्ष. मी आठवड्यातले पाच दिवस बाहेर, आज या गावात सभा, उद्या त्या. लोक मला खांद्यावर घ्यायचे. घरी आलो की तुझी आई बटाट्याचं सार पुढं ठेवायची आणि मी तिलाही भाषण द्यायचो.

त्या थंडीतली ती सकाळ तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. डिसेंबरचा दुसरा आठवडा, उणे पस्तीस. मी रातोरात गाडी हाकत सभेहून आलो तो मुस्ती खोपट्यात मेलेला होता. त्याच्या अंगावर तुझी गोधडी होती. आजीनं खाणीवरच्या जुन्या लोकरी पँटींचे तुकडे जोडून शिवलेली, तुझ्या पलंगावरची. ती गोठून लाकडाच्या फळीसारखी झाली होती, ओढून काढताना तिचा आवाज झाला. मी ती तशीच स्वयंपाकघरात आणली आणि टेबलावर आपटली. तुझी आई होती, तुझा व्हर्नकाका होता, कॉफीला आलेले सभागृहातले दोघं होते. आणि मी भाषण केलं. कापड ओलं होतं आणि गोठतं, म्हणालो, हे या गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणालो, तुझ्या लाडानं त्याला मारलं. म्हणालो, दया दाखवायलाही अक्कल लागते. मला टाळ्या घ्यायची सवय होती, म्हणून वाक्यं चांगली जमली. तू दारात उभी होतीस, पायांत एकच मोजा. तू रडली नाहीस. "मला वाटलं त्याला थंडी वाजते," एवढंच म्हणालीस.

दुपारपर्यंत गावभर झालं. शाळेत पोरं तुला "गोधडी" म्हणायला लागली. त्यांनी ते बापांकडून ऐकलं होतं आणि बापांनी माझ्याकडून. सात वर्षं म्हणत होती. अठराव्या वर्षी तू गेलीस आणि पुन्हा कधी कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवताना मी तुला पाहिलं नाही. व्हर्नकाकाच्या घरी त्याचा कुत्रा जवळ आला की तू हात मागे घ्यायचीस, भाजल्यासारखा.

आता तुला जे माहीत नाही ते. सगळे गेल्यावर मी खोपटं साफ करायला गेलो. गोधडीखाली काय होतं ते पाहिलं. पेंढा नव्हता. गवत होतं. हिरवट काळं पडलेलं, बुरशी आलेलं, गोठून दगड झालेलं. ते मीच घातलं होतं. शिकारीच्या आदल्या दिवशी शेतकऱ्यांनी संपवाल्यांसाठी सभागृहावर ट्रक पाठवला, बटाटे, दूध, जनावरं असणाऱ्यांना गठ्ठे. मला संध्याकाळी सभेला पोचायचं होतं. मी दोन गठ्ठे ओढले. उचलताच हाताला कळलं की हे जड आहेत, वासही आला. मला कळलं होतं, हेल्मी. पेंढ्याचे ट्रकच्या दुसऱ्या टोकाला होते, वर माणसं चढली होती, थांबलो असतो तर पंधरा मिनिटं गेली असती. म्हटलं, आता हे घालू, रविवारी बदलू. पाच रविवार आले आणि गेले. मी जगभरच्या मजुरांना ऊब मिळवून देत होतो.

तुझी गोधडी कोरडी लोकर होती. तू ती वरून घातलीस. ती भिजली खालच्या गवतामुळं. त्या रात्री मुस्तीच्या अंगाशी कोरडं असं जे काही होतं ते एवढंच होतं, आणि ते तू नेलं होतंस.

मी काय केलं सांगू? सौनाच्या, आपल्या वाफेच्या न्हाणीघराच्या मागे ते सगळं कुदळीनं फोडून नेलं आणि रॉकेल ओतून जाळलं. गोधडीही त्यातच टाकली. ओलं गवत जळत नाही, धूर होतो नुसता, पिवळा, दुपारभर. तुझी आई खिडकीत उभी होती. गवताचा धूर आणि पेंढ्याचा धूर तिला वेगळा ओळखता येत होता, ती शेतकऱ्याची मुलगी. तिनं कधी एक शब्द विचारला नाही. पण त्यानंतर ती माझ्या एकाही भाषणाला आली नाही. तू विचारायचीस, आई का नाही येत, तर मी सांगायचो, तिचे गुडघे. तिचे गुडघे मरेपर्यंत उत्तम होते.

काल मी डेलोरेसच्या दुकानात गेलो. तुझं पत्र खिशात होतं. तीसेक माणसं असतील. डेलोरेस म्हणाली, "चला, आर्नेचं होऊ दे, मग गठ्ठे." मी उभा राहिलो आणि पहिल्यांदाच काय बोलायचं ते आधी ठरवून आलो नव्हतो. मी त्यांना सांगितलं. कोणता ट्रक, कोणते गठ्ठे, कोणाचा हात. तुझं नाव घेऊन सांगितलं. त्यातले निम्मे तुझ्या वर्गातले, आता त्यांचीही डोकी पांढरी झालीत. पेंढ्यावर बसलेल्या एकानं टोपी काढली आणि हातात फिरवत राहिला. तो शाळेत तुझ्या मागच्या बाकावर बसायचा, मला आठवतं.

मग डेलोरेस गल्ल्यामागून म्हणाली, "मला माहीत होतं, आर्ने."

मी म्हटलं, "कसं?"

"ट्रक माझ्या बापाचा होता. मी वर उभी राहून गठ्ठे देत होते, सतरा वर्षांची. मी तुला ओरडून सांगितलं, काका, ते गवत आहे. तू हात हलवलास आणि गेलास. मला वाटलं, परत येईल." मग म्हणाली, "दरवर्षी तू इथं उभा राहून त्या बंगलेवाल्यांना फाडायचास, आणि दरवर्षी मी म्हणायची, यंदा सांगेल. शेवटी कंटाळा आला रे मला तुझा."

हेल्मी, मला आयुष्यात पुष्कळांनी शिव्या दिल्या. कंपनीनं छापून दिल्या. पण "कंटाळा आला" हे कुणी म्हटलं नव्हतं. ज्या मूर्खांची मी इतकी वर्षं सालटी काढत होतो त्यांना निदान गवत ओळखता येत नव्हतं.

वेसनं कॉफीचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "तिला आपण गोधडी म्हणायचो. मग आता तुला काय म्हणायचं? गवत?"

मी म्हटलं, "हो. तेच म्हण."

कुणी हसलं नाही. डेलोरेसनं कॉफी ओतली, माझ्या कपात अर्धीच.

तेव्हा ती ओळ: "तुम्हाला माहीतच आहे." हो, मला माहीत आहे. हे पत्र त्या एका ओळीसाठी लिहिलं. त्या घरात मोठी माणसं होती, सभागृहात मोठी माणसं होती, गावभर मोठी माणसं होती, पण उणे पस्तीसच्या रात्री बाहेर जाऊन कुत्र्याच्या अंगाला हात लावून पाहणारं एकच माणूस होतं आणि त्याला दोन वेण्या होत्या. कुत्र्याला काय अंथरावं हे कळणारी या घराण्यातली तू एकटीच, आणि तुला ते कळत नाही असं मी तुझ्या डोक्यात घातलं. वॉल्टरला पंधरा तारखेला परत नेऊ नकोस. ती चार सोंगं परत नेऊन दे. तुझ्या अंगातला रोजचा स्वेटर, न धुतलेला, तो झोपतो तिथंच दाराशी टाक आणि बाजूला हो. रात्री उठून त्याला थंडी वाजते का म्हणून हात लावून पाहावंसं वाटलं तर पाहा, तो हात चुकीचा नाही, कधीच नव्हता. मी चौदा तारखेच्या दुपारच्या बसनं येतोय. वेस मला स्टँडवर सोडेल. काही आणत नाही, तुझी गोधडी मला परत आणता आली असती तर आणली असती. तू दार उघडावंस असा माझा हक्क नाही. पण वॉल्टर दाराशी असतो हे बरं आहे. बाहेर कुणीतरी उभं आहे हे तो तुला सांगेल. आत घ्यायचं का, ते तू ठरव.

तुझाच बाप,
गवत